नाल्याकाठची पाणथळ झाडे आणि मुळांतील बुरशी : दूषित जमिनीत ती नेमके काय करतात?

मूळमाती (धागाकर्ता)

बेळगाव शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या शहापूर, वडगाव, जुने बेळगाव या शिवारांत एक सूचना वारंवार ऐकू येते. नाल्याच्या काठाने वाळा, कर्दळ, पाणकणीस अशी झाडे लावावीत, त्यांच्या मुळाशी मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहणाऱ्या बुरशीची, पावडर घालावी, म्हणजे ही झाडे जमिनीतील विष ओढून घेतील आणि काही हंगामांत शेत स्वच्छ होईल, असे सांगितले जाते. या सूचनेत तथ्य आहे, परंतु ज्या अपेक्षेने ती केली जाते ती अपेक्षा चुकीची आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

प्रथम बुरशीविषयी. जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत बुरशी राहते आणि दोघांची देवाणघेवाण चालते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक याने १८८५ मध्ये या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले. आपल्या पिकांत आढळणारा प्रकार म्हणजे अर्बस्क्युलर मायकोरायझा. खताच्या दुकानात तो अजूनही ‘व्हॅम’ या जुन्या नावाने मिळतो. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी बारीक फांद्यांची रचना करते आणि तेथे वनस्पतीकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेते. त्या बदल्यात तिचे तंतू मुळाच्या आवाक्याबाहेरच्या मातीतून स्फुरद, जस्त, तांबे असे सहज न हलणारे घटक आणून देतात. हे नाते फार जुने आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशाच रचना दिसतात, आणि त्या वनस्पतींना तर खरी मुळेसुद्धा नव्हती.

आता दूषित जमिनीकडे येऊ. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे जड धातू कुजत नाहीत, जळत नाहीत आणि कोणताही जिवाणू त्यांचे विघटन करू शकत नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण काही काळाने नाहीशी होते, पण धातू मातीत राहतो. फार तर त्याचे रूप बदलते किंवा तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. म्हणून ‘झाडे विष खातात’ असे म्हटले की पहिला प्रश्न असा विचारावा की खाल्लेले विष झाडाच्या कोणत्या भागात गेले आणि त्या भागाचे पुढे काय झाले.

पाणकणीस, नळ (पाण्याकाठी वाढणारे उंच गवत) आणि वाळा या तिन्हींच्या बाबतीत उत्तर बरेचसे सारखे आहे. बहुतेक धातू मुळांत आणि जमिनीतील खोडांत अडकून राहतात, आणि पानांपर्यंत त्यांचा लहान अंशच पोहोचतो. मायकोरायझा असेल तर अनेक प्रयोगांत हा कल अधिक ठळक झालेला दिसतो. बुरशीच्या तंतूंच्या भिंतींतील कायटिन धातूंचे आयन धरून ठेवते, काही धातू तंतूंच्या आत पॉलिफॉस्फेटच्या कणांबरोबर साठतात, आणि स्फुरदाचा पुरवठा सुधारल्यामुळे झाडाची वाढ चांगली होऊन पानांतील धातूचे प्रमाण वाढीच्या मानाने कमी राहते. १९९६ मध्ये सारा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने वर्णन केलेले ग्लोमॅलिन हे या बुरशीचे मानले जाणारे प्रथिनही धातू बांधून ठेवते, असे दाखवले गेले आहे. मात्र मातीतून ‘ग्लोमॅलिन’ म्हणून जे काढले जाते त्यात ह्यूमस आणि इतर प्रथिनेही मिसळलेली असतात, त्यामुळे त्याचे सगळे श्रेय बुरशीला देताना हात आखडता घ्यावा.

म्हणजेच बुरशी आणि पाणथळ झाडे मिळून धातू बाहेर काढत नाहीत, तर तो जागच्या जागी धरून ठेवतात. या कामाचे मोल कमी नाही. नाल्याचा काठ उघडा असेल तर पावसाळ्यात गाळ शेतात पसरतो आणि उन्हाळ्यात त्याची धूळ उडते. मुळांच्या दाट जाळ्याने दोन्ही गोष्टी थांबतात. पण यामुळे शेतातील माती ‘स्वच्छ’ होत नाही.

याउलट धातू खरोखरच उपसून काढायचा म्हटले तर हिशेब काय होतो, तो पाहू. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन ढोबळमानाने ८ लाख किलो भरते. एका किलो मातीत १ मिलिग्रॅम जादा कॅडमियम आहे असे धरले, तर एकरात ८०० ग्रॅम कॅडमियम झाले. समजा आपण असे गवत लावले की ते एका हंगामात ४ टन सुका पाला देते आणि त्या पाल्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम उतरते. मग एका कापणीत २० ग्रॅम कॅडमियम बाहेर जाईल, आणि ८०० ग्रॅम काढायला ४० कापण्या लागतील. तेही नाल्यातून नवीन भर पडत नाही, सगळा धातू मुळांच्या हाताला लागतो आणि कापलेला पाला सुरक्षितपणे दूर नेला जातो, असे गृहीत धरून. येथील आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या मातीच्या अहवालातील आकडे घालून हा गुणाकार करून पाहावा.

आपल्या भागातील वाचकांचे शेतातले अनुभव, शंका आणि हरकती यांचे स्वागत आहे. नाल्यात कोण काय सोडतो, यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. येथे मुळे आणि माती यांपुरतेच बोलावे, ही विनंती.

---

शिवारवाट

लेख आवडला. माझा अनुभव थोडक्यात सांगतो. आमचे शेत नाल्यापासून फार लांब नाही आणि दरवर्षी मोठ्या पावसात पाणी चढते. भाताला पेरणीच्या वेळी व्हॅमची पावडर आणि डीएपी हे स्फुरदयुक्त खत एकत्र करून दिले होते. पावडर न दिलेल्या पट्टीत आणि दिलेल्या पट्टीत डोळ्यांना दिसेल असा काहीही फरक पडला नाही. दुकानदार म्हणतो की जमीन खराब असल्यामुळे बुरशी मेली. हे खरे मानावे का?

---

मूळमाती

शिवारवाट, दुकानदाराचे म्हणणे अशक्य नाही, पण माझा पहिला संशय डीएपीवर आहे. झाडाला स्फुरद सहज आणि भरपूर मिळू लागला की ते बुरशीला साखर देणे कमी करते आणि मुळांतील बुरशीचे प्रमाण घटते. ही या विषयातील सर्वांत पक्क्या समजल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. त्यातच सांडपाण्यात विष्ठा आणि धुण्याची पावडर यांमुळे स्फुरद मुळातच जास्त असतो, म्हणून नाल्याचे पाणी पिणाऱ्या जमिनीत बुरशी कमी दिसली तर त्याचा दोष लगेच धातूंना देता येत नाही. आपल्या मातीचा स्फुरद तपासून पाहावा. तो ‘जास्त’ या वर्गात असेल तर पावडरीवरचा खर्च वाया जाणारच.

दुसरे असे की ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. जिवाणू खताप्रमाणे टाकीत तिची पैदास करता येत नाही. म्हणून ती मका, ज्वारी, नाचणी अशा पिकांच्या मुळांवर कुंड्यांत वाढवून त्या मातीचे व मुळांच्या तुकड्यांचे मिश्रण विकले जाते, किंवा प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मुळांवर ती जोपासली जाते. उन्हात ठेवलेल्या गोदामातील जुन्या पाकिटात जिवंत बीजाणू किती उरतात, याची खात्री विकत घेणाऱ्याला नसते. हे खत खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत येते, तेव्हा पाकिटावर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख नसेल तर ते घेऊच नये.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दूषित जमिनीत टिकून राहिलेली बुरशी ही बाहेरून आणलेल्या बुरशीपेक्षा तेथील धातूंना अधिक सरावलेली असते. जर्मनीतील ब्रायनिगरबर्ग या जुन्या जस्त-शिशाच्या खाणक्षेत्रात पिवळ्या फुलांची एक व्हायोला वाढते. तिच्या मुळांतून वेगळी केलेली बुरशी इतर पिकांना दिली असता त्यांनाही जड धातूंच्या मातीत तग धरता आला. या न्यायाने आपल्या नाल्याच्या बांधावरील हरळीच्या मुळांखालची मूठभर माती ही बाजारातल्या पाकिटापेक्षा उपयोगी ठरण्याचा संभव आहे. मात्र ती माती काठावर लावायच्या झाडांनाच द्यावी. शेतात टाकली तर बुरशीबरोबर धातूही जाईल.

---

पर्णिका

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे एक हरकत नोंदवणे भाग आहे. पाठ्यपुस्तकांत लव्हाळ्याचे कुळ, पाणकणीस आणि एकंदर पाणथळ वनस्पती या मायकोरायझाविरहित म्हणून दिलेल्या असतात. बुरशीला प्राणवायू लागतो आणि चिखलात तो नसतो, हे कारणही सरळ आहे. मग नाल्याकाठच्या पाणकणसाच्या मुळाशी पावडर घालण्याचा सल्ला मुळातच निरर्थक ठरत नाही का?

---

मूळमाती

पर्णिका मॅडम, हरकत योग्य आहे, परंतु ती निम्मीच लागू पडते.

चिखलात प्राणवायू नसतो हे खरे. पण पाणथळ वनस्पतींच्या खोडांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून पानांकडील हवा मुळांच्या टोकापर्यंत उतरते. मुळाच्या आत राहणाऱ्या बुरशीला हा पुरवठा मिळू शकतो. बाहेर पसरणाऱ्या तंतूंची मात्र अडचण होते, म्हणून पाण्याची खोली जसजशी वाढते तसतसे मुळांतील बुरशीचे प्रमाण साधारणपणे कमी होत जाते. नळाच्या मुळांत बुरशी सापडल्याच्या नोंदी आहेत आणि तिचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. पाणी ओसरल्यावर ते वाढते. पाणकणसाच्या बाबतीत आपले म्हणणे बव्हंशी बरोबर आहे, कारण तेथे प्रमाण फारच कमी किंवा शून्य मिळते. वाळा हे मूळचे गवत आहे आणि त्याच्या मुळांत बुरशी चांगली वसते.

लव्हाळ्याच्या कुळाविषयी आपल्याच देशात चांगले काम झाले आहे. कोईमतूरच्या भारथियार विद्यापीठातील टी. मुथुकुमार यांनी पश्चिम घाटातील या कुळाच्या वनस्पती तपासल्या आणि त्यांतील बऱ्याच वनस्पतींत मायकोरायझा असल्याचे दाखवले. एकाच वनस्पतीत एका जागी बुरशी आढळते आणि दुसऱ्या जागी आढळत नाही, असेही होते. शिवाय याच वनस्पतींच्या मुळांत काळपट, आडव्या पडद्यांच्या तंतूंची दुसरी एक बुरशी पुष्कळदा दिसते. तिच्या भिंतींतील मेलॅनिन धातू धरून ठेवते असे मानले जाते, पण ती झाडाला नेहमी उपकारकच असते असे म्हणता येत नाही. रंगवलेली मुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना या दोन बुरशींची गल्लत होऊ नये.

तेव्हा नाल्याच्या पात्रात, जेथे वर्षभर पाणी उभे असते, तेथे पावडर घालणे निरर्थक आहे, हे मान्य. काठाचा जो उतार काही महिने पाण्याखाली आणि काही महिने कोरडा राहतो, तेथे प्रश्न वेगळा आहे.

---

पर्णिका

स्पष्टीकरण पटले. याच्याशी जोडलेली एक गोष्ट आपल्या भातशेतीबद्दल सुचवावीशी वाटते. कोकणात रोपे तयार करून चिखलणी केलेल्या खाचरात लावण होते. बेळगाव तालुक्यात मात्र पुष्कळ शेतकरी पावसाच्या आधी कोरड्या जमिनीत कुरीने धूळवाफ पेरणी करतात. म्हणजे उगवण झाल्यापासून पाणी साचेपर्यंत भाताच्या मुळांना काही आठवडे हवेशीर माती मिळते. मुळांत बुरशी शिरण्यासाठी हाच काळ अनुकूल असतो, आणि एकदा शिरलेली बुरशी पाणी साचल्यावरही काही प्रमाणात टिकते, असे भातावरील अभ्यासांतून दिसते. त्यामुळे परदेशातील चिखल-लावणीच्या भातावरचे निष्कर्ष आपल्या शिवाराला जसेच्या तसे लावू नयेत.

---

शिवारवाट

धूळवाफेचा मुद्दा आम्हाला कधी सुचला नव्हता. पण एक विचारतो. पाणी साचणे चांगले की वाईट? आमच्याकडे भात पोसवताना पाणी असते आणि कापणीच्या आधी शेत सुकवतो. मग त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा पेरतो.

---

मूळमाती

या प्रश्नाचे उत्तर कोणता धातू आहे त्यावर अवलंबून आहे, आणि येथेच पाणथळ जमिनीचे वैशिष्ट्य लक्षात येते.

शेत पाण्याखाली असताना मातीतील गंधकाचे सल्फाइड बनते आणि कॅडमियम, जस्त, तांबे, शिसे हे त्याच्याशी बांधले जाऊन जवळजवळ न विरघळणारे होतात. पाणी काढून माती सुकली की हवा आत शिरते, सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते आणि बांधलेला कॅडमियम मोकळा होतो. म्हणून दाणे भरण्याच्या काळात शेत लवकर सुकवले तर दाण्यातील कॅडमियम वाढते, हे जपानमधील भातशेतीत नीट अभ्यासले गेले आहे. तेथे दूषित भागांत लोंब्या बाहेर पडण्याच्या आधी आणि नंतर काही आठवडे शेतात पाणी ठेवण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. आर्सेनिकचे वर्तन नेमके उलटे आहे; ते पाणी साचल्यावर मोकळे होते. एका धातूसाठी केलेला उपाय दुसऱ्यासाठी अपाय ठरू शकतो, तेव्हा आधी तपासणी आणि मग उपाय हाच क्रम ठेवावा लागतो.

मसूर आणि वाटाणा ही दोन्ही पिके बुरशीवर बरीच अवलंबून असतात, त्यामुळे भातानंतरच्या त्या हंगामात जमिनीतील बुरशीला पुन्हा बळ मिळते. पण त्याच वेळी माती कोरडी आणि हवेशीर असल्यामुळे कॅडमियमही मोकळा असतो. बुरशी या पिकांत कॅडमियम कमी जाऊ देते की जास्त, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जस्ताच्या बाबतीत मात्र कल स्पष्ट आहे. मातीत जस्त कमी असेल तर बुरशी ते पिकाला अधिक मिळवून देते, आणि विषारी ठरण्याइतके जास्त असेल तर पानांकडे जाणारे प्रमाण बहुधा कमी ठेवते.

---

लालमाती

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे नाल्याचा प्रश्न नाही, पण एक निरीक्षण लिहितो. कणकुंबीच्या बाजूला, जेथे मलप्रभा उगम पावते, तेथील खाचरांतील भात उपटला की मुळांवर गंजासारखा तांबूस लेप दिसतो. वडीलधारी माणसे त्याला जमिनीचा कस धुपल्याचे लक्षण मानतात. हा लेप म्हणजे काही रोग आहे का?

---

पर्णिका

लालमाती, तो रोग नाही, खरोखरच गंज आहे. चिखलात विरघळलेले लोह मुळाजवळ येते, मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि लोहाच्या ऑक्साइडचा थर मुळावर बसतो. पाणकणीस, नळ आणि भात या तिन्हींत हा थर दिसतो, आणि आपल्याकडील जांभ्या मातीत लोह भरपूर असल्यामुळे तो अधिकच उठून दिसतो. हा थर शिसे, आर्सेनिक आणि स्फुरदही धरून ठेवतो. मूळमाती यांनी बुरशीचे जे काम वर्णिले आहे त्याचा मोठा वाटा पाणथळ झाडांत या लोहाच्या थराकडे जातो. प्रयोगात हे दोन परिणाम वेगळे करणे कठीण असते, आणि बुरशीच्या नावावर जमा झालेले काही यश प्रत्यक्षात लोहाचे असावे, अशी मला शंका आहे.

---

मूळमाती

शंका रास्त आहे. त्याच कारणाने मी लालमाती यांना विनंती करतो की त्यांनी त्यांच्याकडील भाताची मुळे तुलनेसाठी द्यावीत. नाल्याकाठच्या मुळांत बुरशी कमी आहे असे म्हणायचे तर ‘कशाच्या मानाने कमी’ हे सांगता आले पाहिजे. मात्र शहापूर-वडगावची चिकण काळी माती आणि खानापूरची जांभी माती यांत मुळातच फरक आहे, त्यामुळे खानापूरच्या जोडीला येळ्ळूर शिवारातील, नाल्याचे पाणी न चढणाऱ्या काळ्या जमिनीतील नमुनाही लागेल.

---

वेदगंगा

निपाणी भागातून लिहितो आहे. आमच्याकडे नाल्याचे सांडपाणी नाही, पण तंबाखू आहे. तंबाखू मातीतील कॅडमियम पानांत साठवतो असे वाचले होते. सांडपाणीच नसेल तर कॅडमियम येईल कोठून, असे वाटून तेव्हा ते सोडून दिले. या धाग्यामुळे ते पुन्हा आठवले.

---

मूळमाती

वेदगंगा, आपण वाचलेले बरोबर आहे. बहुतेक पिके कॅडमियम मुळांत अडवतात, तंबाखू मात्र तो पानांत पाठवतो, आणि सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात जाणाऱ्या कॅडमियमचा मोठा भाग या मार्गाने येतो. सांडपाणी नसतानाही तो येऊ शकतो, कारण स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात त्यात कॅडमियम अशुद्धीच्या रूपाने असते. त्याचे प्रमाण खडक कोठला आहे त्यावर ठरते. तंबाखूच्या मुळांत बुरशी चांगली वाढते, पण पानात साठवण्याची या पिकाची मूळ प्रवृत्ती बुरशीने बदलत नाही. पाणथळ झाडांशी याचा थेट संबंध नसल्यामुळे अधिक खोलात जात नाही, तरी ‘नाला लांब आहे म्हणून माती शुद्ध’ असे गृहीत धरू नये, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

---

भाजीमळा

आमच्या घरी नाल्याच्या पाण्यावर भाजी होते आणि ती शहराच्या बाजारात जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरत नाही. पालक, लाल भाजी, कोबी, नवलकोल, मुळा, कोथिंबीर, मेथी ही आमची मुख्य पिके आहेत. काठावर वाळा लावून आणि भाजीला व्हॅम देऊन भाजीतील धातू कमी होतील का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. उगाच धीर देऊ नये, खरे असेल ते लिहावे.

---

मूळमाती

ताई, आपण सरळ विचारले आहे, तेव्हा उत्तरही सरळ देतो. आपण दिलेल्या यादीतील पहिल्या पाच पिकांना या बुरशीचा उपयोग नाही. कोबी, नवलकोल आणि मुळा हे मोहरीच्या कुळातील आहेत आणि पालक व लाल भाजी राजगिऱ्याच्या कुळातील. ही दोन्ही कुळे मायकोरायझाशी सहजीवन न करणाऱ्यांत मोडतात. त्यांच्या वाफ्यात व्हॅम घालणे म्हणजे निव्वळ खर्च आहे. एवढेच नव्हे, तर वर्षानुवर्षे तीच पिके घेतली तर यजमान मूळ न मिळाल्यामुळे जमिनीतील बुरशीही घटत जाते. मेथी आणि कोथिंबिरीच्या मुळांत बुरशी वाढते, पण ही पिके इतक्या लवकर काढली जातात की तिला पुरेसा वेळ मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पालेभाजी हा धातूंच्या दृष्टीने सर्वांत नाजूक गट आहे, आणि त्यातही पालक कॅडमियम चटकन घेतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पालेभाजीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. आपण खातो तो भाग पानाचा, आणि फळ किंवा दाण्यापेक्षा पानात धातू साधारणपणे जास्त उतरतो. म्हणून जेथे नाल्याचे पाणी द्यावेच लागते त्या वाफ्यांत पालेभाजीऐवजी भेंडी, वांगी, दोडका अशी फळभाजी किंवा मका घ्यावा, आणि विहिरीचे जे थोडे पाणी आहे ते पालेभाजीसाठी राखावे. भेंडी, वांगी आणि मका या तिन्हींच्या मुळांत बुरशी चांगली वसते. मातीचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली असेल तर चुना आणि भरपूर शेणखत यांनी कॅडमियम बराच बांधला जातो. आपली काळी माती बहुधा आम्लधर्मी नसते, त्यामुळे तपासणी न करता चुना घालू नये.

वाळ्याविषयी एक सावधगिरी. काठावर लावलेल्या वाळ्याची मुळे माठात घालण्यासाठी किंवा बाजारात विकण्यासाठी कधीही काढू नयेत. धातू जेथे साठतो तोच भाग आपण पाण्यात भिजवून पिऊ.

---

शिवारवाट

आणि केंदाळाचे काय? नाल्यात जलपर्णी इतकी माजते की पावसाळ्यापूर्वी ती काढावीच लागते. काढलेली जलपर्णी बांधावर टाकतात, काही जण तिचे कंपोस्ट करून शेतात घालतात. ती तर पाण्यातील सगळे शोषून घेते म्हणतात.

---

मूळमाती

केंदाळ खरोखरच शोषून घेते, म्हणूनच ते शेतात घालू नये. ते पाण्यावर तरंगते, त्याची मुळे मातीत नसतात, त्यामुळे मायकोरायझाचा येथे फारसा संबंध येत नाही. त्याच्या झुपकेदार मुळांवर धातू आणि गाळ दोन्ही चिकटतात. बांधावर टाकलेले केंदाळ कुजले की त्यातील सगळे पहिल्या पावसात पुन्हा नाल्यात किंवा शेतात उतरते. कंपोस्ट केल्याने पाल्याचे आकारमान कमी होते, धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणजे प्रत्येक किलोमागे तो वाढतो. ज्या पाण्यात केवळ घरगुती सांडपाणी आहे तेथील केंदाळाचे कंपोस्ट तपासणी करून वापरता येईल. ज्या पाण्यात धातूकाम, मुलामा किंवा रंगकामाचे पाणी मिसळण्याची शक्यता आहे तेथे ते टाळावे. काठावरचे गवत जनावरांना घालण्याबाबतही हेच लागू आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही.

---

पर्णिका

तपासणीचा उल्लेख वारंवार आला, म्हणून एक माहिती देते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे एकूण १२ घटक असतात. त्यात कॅडमियम, शिसे, क्रोमियम आणि निकेल नसतात. त्यामुळे ‘कार्डावर सगळे ठीक आहे’ म्हणून नाल्याकाठची जमीन ठीक आहे असे ठरत नाही. या चार धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. ती मागताना एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा, म्हणजे डीटीपीए द्रावणाने निघणारा धातू, हे दोन्ही आकडे मागावेत. एकूण आकडा मोठा आणि उपलब्ध आकडा लहान असेल तर धातू बांधलेला आहे असे समजावे, आणि काठावरच्या झाडांचे यश मोजायचे झाले तर दुसऱ्या आकड्यावरूनच मोजता येईल. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ किंवा मत्तीकोपचे कृषी विज्ञान केंद्र येथे ही तपासणी कोठे करून मिळेल याची विचारणा करता येईल.

---

लालमाती

मुळे द्यायला मी तयार आहे. कधी आणि कशी काढावीत, तेवढे कळवावे. मातीचा नमुनाही त्याच वेळी घेऊन ठेवतो.

---

मूळमाती

मनःपूर्वक आभार. पहिला नमुना धूळवाफेचा भात उगवून आल्यावर, पण शेतात पाणी साचण्याच्या आधी घ्यावा, आणि दुसरा त्याच जागी भात फुलोऱ्यात असताना. शिवारवाट आणि भाजीमळा यांनीही आपापल्या जमिनीतून याच वेळी नमुने घेतले तर तुलना करता येईल. झाड उपटू नये, कारण त्यात बारीक मुळे तुटून मातीतच राहतात आणि बुरशी बारीक मुळांतच असते. कुदळीने ढेकळासकट झाड काढून पाण्यात भिजत ठेवावे आणि माती हलक्या हाताने सोडवावी. धुतलेल्या बारीक मुळांचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे निम्मे अल्कोहोल आणि निम्मे पाणी अशा मिश्रणात बुडवून झाकणाच्या बाटलीत ठेवले की ते पुष्कळ दिवस टिकतात. पुढे ती मुळे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करता येतात आणि व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या काळ्या शाईने रंगवता येतात. ही पद्धत १९९८ पासून वापरात आहे आणि तिच्यासाठी महागडा, विषारी रंग लागत नाही. सूक्ष्मदर्शकाचे काम पर्णिका मॅडमच्या महाविद्यालयात होऊ शकेल का, हे त्यांनी कळवावे.

मातीसाठी पद्धत वेगळी आहे. एका शेतात पाच-सहा ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी आणि सावलीत सुकवावी. नाल्यापासूनचे अंतर आणि त्या जागी शेवटचे पाणी कधी चढले होते, हे कागदावर लिहून पिशवीत घालावे. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले किंवा पत्र्याची बादली वापरू नये, कारण अहवालात जस्ताचा आकडा त्यामुळेच वाढतो. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी खुंटी किंवा स्टेनलेस स्टीलची खुरपी पुरेशी आहे.

---

पर्णिका

सूक्ष्मदर्शक उपलब्ध होईल. मुळे रंगवण्याचे काम विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिकाच्या तासाला करून घेता येईल. बाटलीवर गावाचे नाव न लिहिता केवळ क्रमांक लिहावा आणि क्रमांकांची यादी मूळमाती यांच्याकडे ठेवावी. मुळे मोजणाऱ्याला नमुना नाल्याकाठचा आहे की कणकुंबीचा हे आधी कळले, तर त्याची मोजणी नकळत त्या बाजूला झुकते.